कुलपातल्या गोळ्या

१

आमच्या बिल्डिंगीत एकाच वर्षात दोन मोठी ऑपरेशनं झाली. आमच्या ह्यांच्या मेंदूत तारा बसवल्या, आणि वरच्या मजल्यावरच्या लवू घाडींना त्यांच्या मुलीने स्वतःच्या लिव्हरचा तुकडा दिला. आता तुम्हीच सांगा, लोक कोणाला बघायला जाणार?

दिंडोशीची आमची वसाहत तशी माणुसकीची आहे. पण माणुसकीलाही गोष्ट चांगली लागते. आमचे हे म्हणजे भीमराज तायडे, निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर. कंपवाताने हात थरथरायचा. डॉक्टरांनी कवटीला दोन भोकं पाडून बारीक तारा आत सोडल्या, गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत बॅटरी ठेवली आणि थरथर थांबली. झालं. यात डोळ्यांना पदर लावण्यासारखं काय आहे? उलट घाडींच्या घरी तरणीताठी निधी पोट चिरून घेते आणि बापाला जीवदान देते! सोसायटीने तिचा सत्कार केला. लवू घाडी भजनीबुवा, त्यांच्या मंडळाने तर बॅनरवर देवाच्या शेजारी तिचा फोटो छापला. मी सत्काराला गेले, टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन भांडी आपटली. आम्हाला मूल नाही. आमच्या ह्यांना जे मिळालं ते कंपनीच्या खोक्यातून आलं.

तेव्हा स्पष्टच सांगते, मी बुवांच्या बायकोवर, अनुपमावर जळत होते. गणपतीनंतर तर कहर झाला. ती एकटीच गावी जाऊन गणपती करून आली आणि तेव्हापासून दोघं नवरा-बायको दुपारची गच्चीवर जायला लागली. घरात पेटी वाजवली की शेजारी कुरकुरतात, म्हणून बुवा वर रियाझ करायचे, आणि मागून ही झाकलेला वाडगा घेऊन चढायची. एकदा मी कपडे काढायला गेले तर बाई नवऱ्याला घास भरवतेय! साठी उलटलेली माणसं. मला बघून तिने वाडगा पदराखाली घेतला. टाकीच्या कठड्यावर तिने संत्र्याची सालं वाळत घातली होती, दिवाळीच्या उटण्यासाठी असणार. मी एक उचलून बघितलं. माझ्या करंगळीएवढं जाड. हिची संत्रीसुद्धा आमच्यापेक्षा भारी, असं म्हणत ठेवून दिलं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "तुला पण भरवू का?"

"नको," मी म्हटलं. "तुमचा हात आत्ता कुठे थांबलाय."

नवरात्रात सोसायटीच्या मंडपात घाडीबुवांचं भजन होतं. ऑपरेशननंतरचं पहिलंच. बुवांनी गजर सुरू केला, पेटीवर बोटं ठेवली आणि बोटं थरथरायला लागली. एक सूर दाबायला जावं तर शेजारचे दोन वाजायचे. दोनदा पुन्हा सुरुवात केली. मग त्यांनी भाता सोडून दिला आणि हात मांडीवर ठेवून सगळ्यांकडे बघत राहिले.

"हात माझो ऐकणा नाय," ते हळूच म्हणाले.

माझ्या मागून कोणीतरी कुजबुजलं, "तायड्यांचा रोग लागला वाटतं." उचलली जीभ लावली टाळ्याला! कंपवात काय सर्दीसारखा लागतो? शेजारच्या दोघी माझ्यापासून सरकून बसल्या. मला राग आलाच, पण त्याहून वेगळंही काहीतरी मनात आलं. सगळं त्यांचंच होतं, कंपवात तेवढा आमचा होता. तोही त्यांनीच घ्यावा?

आमचे हे मात्र बुवांच्या मांडीवरच्या हाताकडे टक लावून बघत होते. चोराच्या चपलांकडे बघायचे तसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे मला घेऊन वर गेले. ह्यांच्या बॅटरीचा रिमोट माझ्या पर्समध्ये असतो. बुवांसमोर खुर्ची ओढून बसले आणि मला म्हणाले, "चंपा, बंद कर."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"डॉक्टरांनी बंद-चालू करायला शिकवलंय ना? थोडा वेळ. बंद कर."

मी बटण दाबलं. थोड्याच वेळात ह्यांच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला, मग सगळा हात. मांडीवर पडल्या पडल्या तो थडथडत होता. वर्षभर जे मी विसरले होते ते पुन्हा समोर बसलं. मला रडू आलं, मी ते दाबलं नाही.

"बुवा, तुमचा हात पण असाच मांडीवर ठेवा," हे म्हणाले. बुवांनी ठेवला. तो अगदी शांत होता.

"आता दोघं कप उचलू."

ह्यांनी कपाकडे हात नेला तशी थरथर कमी झाली, कप नीट उचलला गेला. बुवांनी हात पुढे केला आणि शांत असलेला तो हात थरथरायला लागला. चहा बशीत, बशीतून लेंग्यावर.

मी न विचारताच बटण दाबून बॅटरी चालू केली. ह्यांचा हात निवला. ऑपरेशननंतर ह्यांचा आवाज खोल गेलाय, ऐकायला पुढे वाकावं लागतं. निधी, अनुपमा, मी, सगळ्या वाकलो.

"माझा हात रिकामा असला की हलतो. तुमचा कामाला लागला की हलतो. हा माझा आजार नाही, बुवा. तुमच्या पोटात काहीतरी जातंय. आजच रक्त तपासा."

२

रिपोर्ट आला आणि घाडींच्या घराची वाट लागली.

नवं लिव्हर शरीराने झिडकारू नये म्हणून बुवांना रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घ्याव्या लागतात. जन्मभर. औषध कमी पडलं तर लिव्हर जातं, जास्त झालं तर हात थरथरतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. बुवांच्या रक्तात ते औषध हवं त्याच्या तिपटीने होतं. मूत्रपिंडांवर परिणाम सुरू झाला होता. अंधेरीच्या हॉस्पिटलात त्यांना लगेच दाखल केलं, आणि डॉक्टरांनी घरच्यांना सरळ विचारलं, "गोळ्या कोण देतं?"

गोळ्या निधी देत होती. कपाटात, कुलपात. किल्ली तिच्या गळ्यातल्या साखळीत. आई विसरभोळी, बाबा आळशी, म्हणून तिने दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नव्हता. आता तेच तिच्या अंगाशी आलं.

हॉस्पिटलात नर्सच्या हातून त्याच गोळ्या, तेवढ्याच गोळ्या घेऊन बुवा सुधारले. थरथर गेली. घरी आले तेव्हा बोरिवलीहून हॉस्पिटलात आलेला मोठा मुलगा सिद्धेश घरीही येऊन बसलेला. त्याने बहिणीकडून किल्ली काढून घेतली. "आता मी देणार," म्हणाला. पुढच्या तपासणीत औषध अगदी हवं तेवढंच. बुवा पेटी वाजवायला लागले.

म्हणजे निधीच्या हातात गोळ्या असल्या की विष, दुसऱ्या कोणाच्याही हातात असल्या की औषध. याहून सरळ हिशेब कोणता? कपाटातल्या गोळ्या मोजून बघितल्या तर एकही कमी नव्हती, पण सिद्धेश म्हणाला बाहेरून आणल्या असतील.

ज्या बायकांनी सत्कारात तिला ओवाळलं होतं त्याच आता जिन्यात म्हणायला लागल्या, "अगं, बाप बरा झाला असता तर हिला कोण विचारणार? आजारी बाप, त्यागमूर्ती लेक, फोटो, बॅनर! चटक लागली असेल." मीही ऐकत उभी राहिले. खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी निधीला एकटीला कचऱ्याची पिशवी घेऊन उतरताना बघितलं. कोणी तिच्याशी बोललं नाही. जिना चढताना ती अजून एक हात पोटावर धरते. मग मला बरं वाटेनासं झालं.

त्या संध्याकाळी तिने आमची बेल वाजवली.

"काका, दादा शनिवारी पोलीस स्टेशनला चाललाय," ती म्हणाली. "माझ्या नावाने कम्प्लेंट करायला. मला घरातून जायला सांगितलंय. मी बॅग भरलीय."

"आणि तुझे बाबा?" ह्यांनी विचारलं.

"बाबा भिंतीकडे तोंड करून झोपतात." तिने गळ्यातली रिकामी साखळी मुठीत धरली. "काका, मी एक गोळी जास्त दिली नाही. पण मी गेले आणि ज्याने हे केलं तो घरातच राहिला तर? बाबांना पुन्हा काही झालं तर? आता द्यायला माझ्याकडे दुसरं लिव्हर नाही."

हे माझ्याकडे बघून म्हणाले, "रक्त तपासा असं मीच म्हटलं होतं." मग निधीला म्हणाले, "शनिवारपर्यंत बॅग उचलू नकोस."

३

सिद्धेश भेटला तो गुरगुरतच.

"हो, मी नाही म्हटलं होतं लिव्हर द्यायला," तो म्हणाला. "माझं पोर वर्षाचं होतं, बायको रडत होती. तेव्हापासून या घरात मी कोण? पाहुणा. मंडळाच्या बॅनरवर ही, बाबांच्या तोंडात ही. मी काय फुकट जन्माला आलो?"

"गणपतीनंतर इथे कितीदा आलास?" ह्यांनी विचारलं.

"एकदाही नाही. हिच्याशी भांडण झालं होतं. बाबांची बातमी ऐकून आलो तो थेट हॉस्पिटलात."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचा मत्सर आरडाओरडा करणारा होता. असा मत्सर भांडी फोडतो, चोरून काही करत नाही. मला त्यातलं कळतं.

खाली उतरलो तर नंदकिशोर भेटला. बुवांच्या मंडळात मागे बसून कोरस धरणारा. बुवा आजारी पडले आणि पेटी याच्याकडे आली, आता बुवा बरे झाले की पेटी जाणार. शिवाय हा दर गुरुवारी बुवांसाठी कसला तरी काढा आणायचा. माझ्या मते इथेच केस संपली होती.

"काढ्यात काय असायचं?" ह्यांनी विचारलं.

"चौदा मुळ्या! माझ्या मामांचा नुस्खा आहे," नंदकिशोर तावातावाने म्हणाला. "पण त्या पोरीने बाटलीचं बूचसुद्धा उघडलं नाही, साहेब. दर गुरुवारी जशीच्या तशी परत. म्हणे बाहेरचं काही चालणार नाही. एवढा माज!"

तो रागावला होता तो काढा नाकारल्याबद्दल. पाजला असता तर बाटली दाखवून बढाई मारत फिरला असता. केस संपली नव्हती.

मग अनुपमा. ती स्वयंपाकघरात उभी होती, पण काहीच करत नव्हती. फ्रिजच्या प्रत्येक डब्यावर निधीच्या अक्षरातली पट्टी होती: बाबांचं, उकळलेलं, आजचं. सकाळी ऑफिसला जायच्या आधी निधी बापाचा दिवसभराचा स्वयंपाक करून जायची.

"छान सांभाळलंय हो लेकीने," मी म्हटलं. खोचकपणे म्हटलं.

"हो ना," अनुपमा म्हणाली. "मी माझ्याच ओट्याजवळ यायचं तर तोंडाला मास्क लावून. मीठ घालायचं तर तिला विचारून. चाळीस वर्षं मी रांधलं ते कोण खात होतं?" मग ह्यांच्याकडे वळली. "भावजी, पहिली मी तयार झाले होते. तिच्याआधी. तपासलं आणि म्हणाले, तुमच्या लिव्हरवर चरबी आहे, चालणार नाही. नापास. मग ती उभी राहिली आणि पास झाली."

"निधीने हे केलं असेल असं वाटतं तुम्हाला?" ह्यांनी विचारलं.

अनुपमाने फ्रिजमधला एक डबा सरळ केला. "डॉक्टर खोटं कशाला बोलतील?" ती म्हणाली.

मी बाहेर पडता पडता टोमणा मारला, "हल्ली गच्चीवर दिसत नाही तुम्ही. बुवा एकटेच पेटी घेऊन चढतात बिचारे."

"पाय दुखतात," ती म्हणाली आणि फ्रिजचं दार लावलं.

जिन्यात हे मधेच थांबले. मला वाटलं पाय अडकला, पूर्वी अडकायचा तसा. मी दंड धरला.

"कधीपासून जात नाही ती वर?" ह्यांनी विचारलं.

"बुवा हॉस्पिटलातून आले तेव्हापासून. का?"

"वाडगा बंद झाला आणि किल्ली हातातून गेली," हे म्हणाले. "दोन्ही एकदमच झालं. सगळ्यांनी किल्लीच बघितली." मग माझा हात सोडवून म्हणाले, "चल, वर जाऊ. मला ती सालं दाखव."

४

सालं टाकीवरच होती, वाळून कडक झालेली. ह्यांनी एक उचललं, मोडलं, नाकाशी नेलं.

"चंपा, एवढ्या जाड सालाचं संत्रं तू कधी सोललंस?"

मी हातात घेऊन पुन्हा बघितलं आणि कपाळावर हात मारला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्या दिवशी मला फक्त एवढंच दिसलं होतं की हिच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही. काय आहे, ते बघायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या त्याच हॉस्पिटलात ह्यांच्या बॅटरीची तपासणी होती. ती आटोपून आम्ही लिव्हरच्या वॉर्डात गेलो. तिथे रुग्णांचं खाणंपिणं ठरवणारी सपना नावाची मुलगी आहे. ह्यांनी कोणाचं नाव न घेता विचारलं, "गोळ्या तेवढ्याच घेतल्या, तरी रक्तात औषध तिप्पट होईल असं काही खाण्यात येऊ शकतं का?"

"येऊ शकतं ना," ती म्हणाली. "आम्ही घरी पाठवताना सांगतो, ग्रेपफ्रूट, ते संत्र्याच्या जातीचं विलायती फळ, खाऊ नका. ते पोटात गेलं की औषध शरीरात नेहमीसारखं मोडत नाही, साठत जातं. पण इथे ते फळ कोण खातं? सगळे मान डोलावतात आणि विसरतात."

"आणि त्याच्या जातीचं दुसरं फळ असेल तर?" हे म्हणाले आणि खिशातून सालाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला.

सपनाने तुकडा बघितला. "गंमत आहे," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात एका पेशंटच्या घरच्या माणसाने अगदी हेच विचारलं होतं. हळूच, बाजूला घेऊन."

ह्यांनी कोण म्हणून विचारलं. तिने सांगितलं आणि मी तिथल्या खुर्चीत बसले.

५

शनिवारी सकाळी सिद्धेश शर्ट घालून तयार होता. निधीची बॅग दाराशी होती. बुवा पलंगावर, अनुपमा त्यांच्या पायाशी. आम्ही आत गेलो आणि ह्यांनी दार लावून घेतलं.

"सिद्धेश, पाच मिनिटं बस," हे म्हणाले. "मग जायचं तर मीच सोबत येतो. तिथे अजून ओळखतात मला."

सगळे पुढे वाकले. ह्यांनी सालं टीपॉयवर ठेवली.

"हे पपनस. कोकणात गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात, तिला फळं टांगतात, त्यात हे असतं. बुवांना फार आवडतं. यंदा बुवांना गावी जाऊ दिलं नाही, म्हणून वहिनींनी गावाहून पपनसं आणली. परसातल्या झाडाचीही आणली असतील. घरात निधी बाहेरचं काही खाऊ देत नाही. म्हणून दुपारी निधी ऑफिसात असताना, गच्चीवर, वाडग्यातून. बरोबर, बुवा?"

बुवा गोंधळून बायकोकडे बघायला लागले. "फळच होता, साहेबानु," ते म्हणाले. "गावच्या देवाचो प्रसाद. चेडवाक, निधीक, सांगू नको म्हणाली, ती ओरडतली. प्रसादान काय होतला?"

"त्या फळाने गोळीचं औषध अंगात साठतं. एक गोळी जास्त न देता तिप्पट होतं. म्हणून कपाटातल्या गोळ्या बरोबर होत्या. निधीने दिल्या त्या बरोबरच होत्या."

निधी दाराशी बॅगेवरच बसली. सिद्धेश म्हणाला, "पण आईला कुठे माहीत होतं? चुकून झालं. मग किल्ली मी घेतल्यावर थांबलं कसं?"

"तू किल्ली घेतलीस म्हणून थांबलं नाही," हे म्हणाले. "वाडगा थांबला म्हणून थांबलं. आता विचार कर, ज्याला माहीत नाही तो वाडगा का थांबवेल? अजून सालं टाकीवर आहेत, बुवा अजून गच्चीवर जातात. प्रसाद मात्र बंद. का, वहिनी?"

अनुपमाने बुवांच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं.

"बुवा हॉस्पिटलात असताना तुम्ही तिथल्या सपनाला बाजूला घेऊन विचारलंत, पपनस चालतं का. ती म्हणाली, अजिबात नाही, याच औषधाला ते घातक आहे. त्या दिवशी तुम्हाला कळलं. तुम्ही भरवणं बंद केलंत, ते बरोबरच केलंत. पण घरी येऊन कोणाला सांगितलं नाहीत. पोरीची किल्ली काढून घेतली, तुम्ही बघत होतात. तिला विषारी म्हणाले, तुम्ही ऐकत होतात. आज हा पोलिसात चाललाय आणि तिची बॅग दाराशी आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर घरची आई."

"आई?" सिद्धेश एवढंच म्हणाला.

"घाबरली होतीस ना?" निधी घाईघाईने म्हणाली. "आई, तू घाबरलीस म्हणून बोलली नाहीस ना?"

पोरगी आईला पळवाट देत होती. अनुपमाने ती घेतली असती तर सगळं तिथेच निभावलं असतं. सगळ्यांनी मान डोलावली असती. पण मला राहवलं नाही. कसं झालं ते आमच्या ह्यांनी शोधलं होतं. का झालं ते त्या खोलीत मला एकटीला ठाऊक होतं, कारण वर्षभर मीही तोच मत्सर गिळत होते.

"घाबरली नव्हती ती," मी म्हटलं. "पहिल्यांदाच लोक निधीला वाईट म्हणत होते. ते ऐकायला बरं वाटत होतं. मला पण वाटलं होतं, एक दिवस."

अनुपमाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत मारेल.

"एक दिवस तुम्हाला, मला रोज," ती म्हणाली. "रोज वाटायचं उद्या सांगेन. जिन्यात कोणीतरी मला म्हणायचं, वहिनी, तुम्हीच खंबीर हो, अशी पोर पदरात असून. मग वाटायचं, परवा सांगेन." ती निधीकडे वळली. "तुझ्या पोटावर व्रण आहे, तो सगळे बघतात. डॉक्टर बघतात, मंडळ बघतं. हे झोपेत तुझं नाव घेतात. मी काय दिलं यांना? मला द्यायचं होतं गं, माझं घेतलं नाही. मग ते फळ होतं. दुपारची ती एक वाटी होती, आमच्या दोघांची. ते पण विष निघालं. आणि ते विष निघालं हे मी तुला येऊन सांगायचं? तुलाच?"

खाली कोणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

बुवा पलंगावरून उठले. भिंतीला धरून निधीपाशी आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बायकोला म्हणाले, "माका मारलं असतंस तरी चलला असता गो. पण चेडवाक कित्याक?"

अनुपमाला तेव्हा रडू फुटलं. तिच्याजवळ कोणी गेलं नाही.

६

पोलिसात कोणी गेलं नाही. सिद्धेश बहिणीसमोर उभा राहिला, सॉरी म्हणाला, पुन्हा म्हणाला, मग खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. निधीने बॅग उचलली.

"आता कशाला जातेस?" त्याने विचारलं.

"आज मला या घरात झोप लागणार नाही," ती म्हणाली.

मी तिच्या हातातून बॅग घेतली आणि तिला खाली आमच्याकडे आणलं. तिला जेवायला वाढलं. माझ्या हातची पिठलं-भाकरी ती गप्प बसून जेवली. केसांना तेल लावलं. आमच्या ह्यांनी आपली उशी दिली आणि स्वतः सोफ्यावर गेले. वर्षभर ज्या पोरीवरून मी भांडी आपटली, ती माझ्या खोलीत माझी गोधडी पांघरून होती. माझ्या मनात आलं, राहू दे हिला इथेच. काय वाईट आहे? त्या बाईने घालवली, मी ठेवते. वर तिला कळू दे. मी उद्याच्या नाश्त्याचासुद्धा विचार करून टाकला.

सकाळी निधी उठून बाल्कनीत उभी होती. मी पोहे घेऊन गेले. तिने बशी हातात घेतली, पण खाल्लं नाही. वरून घाडींच्या घरातून काहीच आवाज येत नव्हता. भांड्यांचा नाही, पेटीचा नाही.

"रात्री झोपलीस का?" मी विचारलं.

तिने नाही म्हणून मान हलवली. मग बशीकडे बघत म्हणाली, "काकू, आईने काल काही खाल्लं असेल का हो?"

मी आत जाऊन दुसरी बशी भरली. लिंबू पिळलं, वर खोबरं घातलं, आणि जिना चढून अनुपमाच्या दाराशी गेले. बेल दाबली तेव्हा माझे डोळे भरून आले होते. एवढं सगळं करून बसली होती ती बाई, आणि तरी मला तिचा हेवा वाटत होता.